कच्च्या विंडोजचे सहा महिने



तासगावात तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, जूनमध्ये कॉलेजचे फॉर्म, लग्नसराईत पत्रिका, असा सगळा कारभार. संगणकातला मी तज्ज्ञ नव्हे. यंत्र अडलं की आजही पुण्याला भाच्याला फोन लावतो. तरीसुद्धा २००९ साली सहा महिने मी जगातल्या एका बड्या कंपनीच्या मालाची परीक्षा घेत होतो, आणि त्याबद्दल मला कुणी दमडी दिली नव्हती. त्याची ही हकिगत.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. संगणक सुरू केल्यावर जो पहिला जागा होतो आणि बाकी सगळ्यांना कामाला लावतो, तो कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. कळफलकावर तुम्ही ‘क’ दाबला हे त्यालाच आधी कळतं, आणि कागद प्रिंटरकडे पाठवायचा तोही त्यानंच. आपल्याकडच्या दुकानांतून तेव्हा विंडोज एक्सपी नांदत होतं. ते २००१ सालचं. त्यानंतर २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा आलं, पण ते इतकं जड निघालं, की नवीन यंत्र घेतलेले लोकही ते काढून परत एक्सपी घालून घेत. मग मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ करायला घेतलं आणि पुरं होण्याआधीच त्याची चाचणी आवृत्ती, म्हणजे बीटा, लोकांपुढे ठेवली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी ७ जानेवारी २००९ रोजी अमेरिकेत लास व्हेगासच्या प्रदर्शनात ही घोषणा केली. पहिल्या २५ लाख लोकांनाच ती मिळायची होती. पण ठरल्या दिवशी एवढी झुंबड उडाली, की कंपनीचे सर्व्हर कोलमडले, वाटप एक दिवस पुढे गेलं आणि २५ लाखांची मर्यादाही उठवावी लागली.

कच्चा माल कंपनी अशी लोकांना का देते? कारण साधं आहे. जगात प्रिंटर, स्कॅनर, मोडेम, कळफलक यांच्या किती जोड्या असतील ते मोजता यायचं नाही. एवढं सामान कुठल्याच प्रयोगशाळेत मावत नाही. तासगावातला दहा वर्षांचा जुना प्रिंटर अमेरिकेतल्या इंजिनिअरच्या टेबलावर कुठून असणार? तो माझ्याच टेबलावर होता.

भाचा सव्वीस जानेवारीला जोडून आलेल्या सुट्टीत डीव्हीडी घेऊन आला. फाइल होती अडीच जीबीच्या आसपास. आमच्या दुकानाच्या २५६ केबीपीएस जोडणीवर ती एकदाही न तुटता उतरवायची म्हटली, तर बावीस-तेवीस तास लागले असते. आणि आमची जोडणी न तुटता एवढा वेळ चालल्याचं मला तरी आठवत नाही.

“मामा, एक अट आहे,” तो म्हणाला. “जुनं एक्सपी काढायचं नाही. हे बाजूला दुसऱ्या पार्टिशनवर घालू. गिऱ्हाइकाचं काम जुन्यावर, गंमत नव्यावर.”

मी हो म्हटलं. मामा लोक हो म्हणतातच.

तासाभरात ते बसलं. पडद्यावर निळ्या पाण्यात एक मासा आला. मत्स्यालयवाले ज्याला फायटर म्हणतात तो. त्याचं शास्त्रीय नाव बेटा, म्हणून बीटासाठी बेटा, असा कंपनीतल्या कुणाचा तरी विनोद. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘चाचणी प्रत, बिल्ड ७०००’. आणि प्रत्येक खिडकीच्या माथ्यावर ‘अभिप्राय पाठवा’ अशी इंग्रजी ओळ. तिच्यावर टिचकी मारायची आणि काय दुखतंय ते लिहायचं.

यंत्र माझं बेताचंच, एक जीबी मेमरीचं. त्याच्यावर हे चपळ चाललं. पण मला त्याहून जास्त उत्सुकता होती मराठीची. एक्सपीमध्ये देवनागरी नीट उमटायला हवी असेल, तर सेटिंगच्या आतल्या खोलीत जाऊन एक खूण करावी लागे, आणि मग ते एक्सपीची मूळ सीडी मागे. मूळ सीडी! आपल्याकडे किती दुकानांत ती होती हे आपण सगळे जाणतो. व्हिस्टापासून ही कटकट गेली होती, पण व्हिस्टा मी पाहिलंच नव्हतं. म्हणून मी लगेच टायपिस्टाची परीक्षा घेतली : ‘दुसऱ्या’, ‘कार्य’, ‘वाङ्मय’, ‘उद्ध्वस्त’, ‘राष्ट्र’. ‘दुसऱ्या’मधला तो पापणीसारखा र नीट आला, की मराठी जमलं असं मी समजतो. तो आला. सीडीबिडी न मागता आला.

माझं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर मात्र उठेचना. त्याच्याबरोबर यंत्रामागे लावायचं एक लॉक येतं, ते नव्या कारभाऱ्यानं ओळखलंच नाही. आणि माझा तो म्हातारा प्रिंटर पानाच्या मध्यावर थांबून राहू लागला. दोन्ही तक्रारी भाच्यानं इंग्रजीत लिहून पाठवल्या. उत्तराची अपेक्षा मी धरली नव्हती, पण पाठवताना बरं वाटलं, हे कबूल करतो.

आता त्या संध्याकाळची गोष्ट. या आवृत्तीत एक खोट आहे, हे तेव्हा जाहीर झालेलं होतं. एमपीथ्री फाइलला गाण्याचं नाव, चित्र वगैरे माहिती चिकटवताना काही फायलींच्या सुरुवातीचे थोडे सेकंद ती कायमचे कापून टाकू शकत होती. कंपनीनंच ते सांगितलं होतं, दुरुस्तीही दिली होती, आणि आधी फायलींची प्रत काढा असंही बजावलं होतं. भाच्यानं मला सकाळीच विचारलं होतं, “मामा, यात एमपीथ्री काही नाहीत ना?” मी म्हटलं, “टायपिंगच्या दुकानात गाणी कुठली?” म्हणून ती दुरुस्ती त्याच्या पेन ड्राइव्हमध्येच राहिली आणि आम्ही जेवायला गेलो.

संध्याकाळी त्याला नव्या विंडोजचा आवाज ऐकवावा म्हणून मी एक फोल्डर उघडलं. त्यात माझ्या आईच्या ओव्या होत्या. १९८७ साली टेपरेकॉर्डरवर मी त्या भरून घेतल्या होत्या. आई गेल्यानंतर याच भाच्यानं कॅसेटवरून संगणकात घेऊन अकरा फायली करून दिल्या. कॅसेटला नंतर बुरशी लागली आणि ती टाकून दिली. त्या ओव्यांना दुसरी प्रत नव्हती. मी पहिल्या फाइलवर टिचकी मारली, आणि भाचा अक्षरशः ओरडला, “मामा, बंद करा!”

आमच्या आईला टेपरेकॉर्डरचा भरवसा नसे. प्रत्येक वेळी गायच्या आधी ती विचारायची, “चालू झालं का रे?” मग घसा खाकरायची, मग ओवी. म्हणजे प्रत्येक फाइलचे पहिले चार-पाच सेकंद ओवी नाही, आईचं बोलणं आहे. तिचा बोलण्यातला आवाज आमच्याकडे तेवढाच आहे.

आम्ही यंत्र बंद केलं, परत एक्सपीत गेलो आणि एकेक फाइल लावली. अकराच्या अकरा शाबूत होत्या. त्या घरी बनवलेल्या असल्यानं त्यांना कसलंच चित्र की माहिती चिकटलेली नव्हती, त्यामुळे वाचल्या असाव्यात असं भाच्याचं मत पडलं. त्या रात्री त्यानं दोन डीव्हीडींवर प्रती काढल्या. एक त्यानं पुण्याला नेली. मी त्याला रागावणार होतो, पण रागवायला तोंड कुठं होतं? सूचना लिहिलेली होती, विचारणा झालेली होती, आणि ‘गाणी कुठली’ असं म्हणणारा मीच होतो.

आता यापुढचा भाग माझ्या दुकानाबाहेरचा आहे, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

व्हिस्टा उठल्याबसल्या परवानगी विचारायचं, हे करू का, ते करू का. लोक वैतागले. म्हणून विंडोज ७ मध्ये ठरवलं, की मालक स्वतः सेटिंग बदलत असेल तर त्याला विचारत बसायचं नाही. वरवर शहाणपणाचं. पण जानेवारीच्या अखेरीस लाँग झेंग आणि राफेल रिव्हेरा या चाचणी करणाऱ्या दोघांनी दाखवून दिलं, की ही विचारणा कायमची बंद करणं हीसुद्धा एक सेटिंगच आहे! एखादा लबाड प्रोग्राम मालकाच्या बोटांची नक्कल करून कळा दाबल्यासारखं करील आणि पहारेकऱ्याला न विचारता झोपवून टाकील. म्हणजे चोरानं धन्याच्या आवाजात ‘गप’ म्हणावं आणि कुत्र्यानं शेपटी हलवत गप बसावं, तसलं.

कंपनीचं पहिलं उत्तर होतं, हा दोष नाही, आम्ही मुद्दामच तसं केलं आहे. झालं, चाचणी करणाऱ्यांनी गदारोळ केला. आणि ५ फेब्रुवारी २००९ रोजी विंडोजची धुरा वाहणारे स्टीव्हन सिनॉफ्स्की आणि जॉन डेव्हान यांनी जाहीरपणे माघार घेतली. पहाऱ्याची पातळी बदलायची असेल तर आधी विचारलं जाईल, असा बदल पक्क्या आवृत्तीत झाला. पगार न घेणाऱ्या माणसांचं ऐकून एवढी मोठी कंपनी आठवडाभरात वळली. तेव्हा मला वाटलं, अभिप्रायाची ती ओळ काही शोभेची नाही.

पण असं दर वेळी होत नाही. २०१४ पासून विंडोज १० च्या निमित्तानं मायक्रोसॉफ्टनं ही चाचणी कायमचीच केली, लाखो लोक तिच्यात दाखल झाले. तक्रार पाठवायची, इतरांना तसाच अनुभव आला तर त्यांनी तिला मत द्यायचं, अशी पद्धत. २ ऑक्टोबर २०१८ ला एक मोठी सुधारणा बाहेर पडली आणि काही लोकांची कागदपत्रं, फोटो नाहीसे झाले. ज्यांनी आपलं डॉक्युमेंट्सचं फोल्डर दुसऱ्या जागी हलवलं होतं, पण काही फायली जुन्या जागी ठेवल्या होत्या, त्यांचं जुनं फोल्डर नको असलेलं समजून ही सुधारणा पुसून टाकत होती. चार दिवसांत वाटप थांबवावं लागलं, आणि दुरुस्त होऊन ती पुन्हा आली ती १३ नोव्हेंबरला.

नंतर काय बाहेर आलं? चाचणी करणाऱ्या काही जणांनी हेच आधी कळवलं होतं. फायली गेल्या म्हणून लिहिलं होतं. पण त्या तक्रारींना मतं फार थोडी होती, म्हणून ढिगात त्या खालीच राहिल्या. कंपनीनं त्यानंतर तक्रारीबरोबर नुकसान किती गंभीर आहे हे सांगायची सोय केली. ही सोय पहिल्या दिवसापासून असायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. चिन्हाचा रंग आवडला नाही ही तक्रार हजार जणांची असेल, आणि आईचा आवाज गेला ही एकाच माणसाची. तहसील कचेरीसमोर बसून मी तीस वर्षं अर्ज टाइप केले आहेत. अर्जाखाली सह्या किती यावरून आतलं दुःख मोजता येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

बरं, माझ्या बीटाचं काय झालं? भाच्याची अट मी मोडली. ते चपळ होतं, आणि सवय वाईट. मार्चपर्यंत गिऱ्हाइकांचं युनिकोडमधलं काम मी नव्यावरच करू लागलो. गावात काही जण त्याला ‘फुकटचं विंडोज’ समजत होते, आणि मीही बहुधा मनातून तेच समजत होतो. प्रत्यक्षात त्याच्या मरणाची तारीख आधीच छापलेली होती, १ ऑगस्ट २००९. आणि १ जुलैपासून ते दर दोन तासांनी आपलं आपण बंद होणार होतं, लोकांना आठवण राहावी म्हणून. भाच्यानं मेमध्ये फोन करून सांगितलं, पुढची आवृत्ती आली आहे, ती घाला. मी म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात.

जुलैचा पहिला आठवडा म्हणजे प्रवेशाची गर्दी. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, समोर सावळजच्या एक आजी नातीचं उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र घेऊन बसलेल्या, आणि यंत्र माझ्या डोळ्यांदेखत मिटलं. दीड पान जतन केलेलं नव्हतं. आजी म्हणाल्या, “लाइट गेली व्हय?” मी वर पंख्याकडे पाहिलं. तो फिरत होता. मी म्हटलं, “नाही आजी, माझंच चुकलं,” आणि एक्सपी लावून पहिल्या ओळीपासून परत सुरुवात केली. त्यांच्याकडून त्या दिवशी पैसे घेतले नाहीत.

विंडोज ७ पुढे २२ ऑक्टोबर २००९ ला बाजारात आलं. मी ते वर्षभरानं नव्या यंत्राबरोबर रीतसर घेतलं आणि जानेवारी २०२० मध्ये कंपनीनं त्याची देखभाल थांबवेपर्यंत वापरलं. भाचा अजूनही अधूनमधून फोन करतो, “मामा, नवी चाचणी आवृत्ती आलीय, घालायची का?” मी त्याला म्हणतो, घाल, पण ये तेव्हा तुझ्याकडची ती डीव्हीडी घेऊन ये. आधी ती लावून बघू.