लेबल मोठ्यानं वाचा

मी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर म्हणून काम करतो. 30 खाटा, रात्री डॉक्टर एकच, वॉर्डात एक सिस्टर आणि मदतीला मावशी.

काही वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली रात्र. लाइट गेलेले, इन्व्हर्टरवर एकच दिवा. न्यूमोनिया झालेल्या एका आजोबांना अँटिबायोटिक द्यायचं होतं. त्याची पावडर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून शिरेतून देतात. सिस्टरनं ट्रेमधली अँप्युल उचलली, दिव्याकडे धरली आणि सवयीप्रमाणे लेबल मोठ्यानं वाचलं, "पोटॅशियम क्लोराइड." तिचा हात तिथंच थांबला.

डिस्टिल्ड वॉटर आणि पोटॅशियम, दोन्ही अँप्युल 10 मिलिलिटरच्या, दोन्हींतला द्रव दिसायला सारखाच. पोटॅशियम सलाइनमधून हळूहळू दिलं तर औषध. तसंच थेट शिरेत गेलं, तर हृदय बंद पडतं. आजोबा आठवड्यानं बरे होऊन घरी गेले.

सकाळी ट्रे कोणी भरला, हे विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. नाही विचारलं. विचारलं असतं तर पुढची चूक मला कोणी सांगितलीच नसती. पोटॅशियम वॉर्डातून काढून कुलपात ठेवलं आणि एक वही सुरू केली. टळलेली चूक तिच्यात लिहायची, नाव कोणाचंच नाही. पहिली नोंद माझीच आहे. फोनवर मी डोस सांगितला 'पंधरा', सिस्टरला ऐकू आलं 'पन्नास'. तिनं आकडा परत म्हणून दाखवला, म्हणून कळलं. तेव्हापासून आम्ही 'एक-पाच', 'पाच-शून्य' असे आकडे सुटे सांगतो.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि 10 बाळं गेली. सारा महाराष्ट्र हळहळला, आगीपासूनच्या सुरक्षेची चर्चा झाली. चुकीच्या अँप्युलचा धूर मात्र दिसत नाही. पेशंट आधीच अत्यवस्थ होता, असं म्हणून तिच्यामुळे झालेला मृत्यू पचून जातो. मला याचीच जास्त भीती वाटते.

तुमचं माणूस दाखल असेल तर बेलाशक विचारा, "सिस्टर, हे कशाचं इंजेक्शन?" आम्ही कामाच्या घाईत वैतागलो, तरी विचारा. आणि येताना घरच्या चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, रिकाम्या असल्या तरी. 'बीपीची पांढरी बारीक गोळी' एवढ्यावरून रात्री दोन वाजता मला काहीच ठरवता येत नाही.