ट्रॅक्टरची बॅटरी : एका व्होल्टचा हिशेब



निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर रात्री पाऊस पडला की केवड्यासाठी सकाळीच फवारणी गाठावी लागते. नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता कुरकुरतो. बॅटरी गेली, असे म्हणून आपण दुकान गाठतो. जरा थांबा.

घरच्या 230 व्होल्टमधून एक व्होल्ट कमी झाला तर कळतही नाही. 12 व्होल्टमध्ये तोच एक व्होल्ट म्हणजे बारावा हिस्सा. सेल्फ फिरताना शेकडो अँपिअर ओढतो. अशा वेळी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट थर किंवा गंजलेली अर्थची तार एवढा व्होल्ट सहज खाते.

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. मीटरची एक पिन बॅटरीच्या खुंटावर, दुसरी त्याच खुंटाच्या क्लॅम्पवर धरा. मग ऋण खुंट आणि इंजिन यांच्यामध्ये पाहा. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष सांध्यात आहे, बॅटरीत नाही. ऋण टोक आधी सोडा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, घासून घट्ट बसवा, वर व्हॅसलीन लावा. जोडताना ऋण शेवटी.

सांधे चांगले असतील तर रात्रभर उभ्या बॅटरीचा व्होल्टेज मोजा. 12.4 पेक्षा कमी भरला तर चार्जिंग करून घ्या. उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने शेडमध्ये ठेवली की प्लेटांवर सल्फेट कडक होते, मग ती पूर्वीसारखी भरत नाही. पाणी डिस्टिल्डच घाला. विहिरीच्या नितळ पाण्यातही क्षार असतात. आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळ बिडी पेटवू नका.