चिमुकल्या मालमोटारीची शर्यत

शर्यतीचे वेड पैनगंगेच्या खोऱ्याला नवे नाही. विदर्भातील शंकरपटात जोडीची आणि धुरकऱ्याची चर्चा जितकी होते, तितकीच त्या हलक्या छकड्याचीही होते. आंख किती वजनाचा, चाक कुठे घासते, वंगण पुरेसे आहे की नाही, याचा खल पटाच्या आदल्या रात्रीपर्यंत चालू असतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. पुढे महाराष्ट्राने कायद्यात केलेली दुरुस्ती १८ मे २०२३ च्या निकालाने वैध ठरली आणि आता पट पुन्हा उघडपणे भरतात. आजचा विषय मात्र ज्या गाडीचा आहे तिला बैल नाहीत आणि धुरकरीही नाही. ती हातभर लांबीची, तीन-चार किलो वजनाची मालमोटार आहे. तिचा चालक दूर उंच ओट्यावर उभा राहून रेडिओच्या लहरींनी तिला हाकतो, आणि ती ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगाने मातीच्या वळणदार वाटेवरून उसळत जाते.

निर्मळच्या पुनिकी लाकडाच्या खेळण्यांचा लौकिक आदिलाबाद जिल्ह्याने दीर्घकाळ मिरवला. २०१६ च्या ऑक्टोबरात निर्मळ वेगळा जिल्हा झाला, तरी खेळणे म्हटले की त्या बाजूच्या माणसाला प्रथम तेच आठवते. रंग दिला, वाळवले, झाले. पुढे त्या बाहुलीला काही मागावयाचे नसते. ही मालमोटार त्याच्या अगदी उलट आहे. ती रोज काही ना काही मागते. ज्याला निगा राखण्याचा कंटाळा आहे त्याने विजेवर चालणारी मोटार घ्यावी हे उत्तम. ती वेगात कमी नसते आणि कटकटही थोडी असते.

या मालमोटारीचे इंजिन द्विघाती असते. त्याची क्षमता बहुधा अडीच ते साडेतीन घनसेंटिमीटर, म्हणजे एखाद्या लहान चमच्यात मावेल एवढी. पण मोटारसायकलचे इंजिन मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेते तेव्हा हे तीस हजारांच्या पुढे जाते. त्यात पेट्रोल घालीत नाहीत. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण त्याचे इंधन असते. ठिणगी पाडणारी यंत्रणाही त्यात नसते. डोक्यावर बसविलेल्या ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीकसे वेटोळे असते. सुरुवातीस दीड व्होल्टच्या घटाने ते लाल करावयाचे. एकदा इंजिन धरले की घट काढून घेतला तरी चालते. मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमच्या सान्निध्यात स्वतःच तापते आणि दाबाच्या उष्णतेची तिला जोड मिळून तार तेवत राहते. अमेरिकेतील रे आर्डेन यांनी १९४७ च्या सुमारास हा प्लग बाजारात आणला आणि चिमुकल्या इंजिनांवरील ठिणगीयंत्राचे ओझे उतरले.

नायट्रोमिथेनचे महत्त्व त्याच्या रेणूतील प्राणवायूत आहे. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा, आणि नायट्रोमिथेनला पावणेदोन किलोही लागत नाही. तेवढ्याच हवेत अधिक इंधन जळते, म्हणून जोर वाढतो. मोटारीच्या इंधनात त्याचे प्रमाण साधारण वीस ते पंचवीस टक्के ठेवतात.

येथे एका धोक्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मिथेनॉल हे विष आहे. दहा मिलिलिटर पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते, आणि ते त्वचेतूनही शरीरात शिरते. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. मे महिन्याच्या दुपारी सांडलेले इंधन पेटले तर प्रथम चटका बसतो आणि मग कळते. म्हणून भरपूर पाणी हाताशी हवे, हातात मोजे हवेत, आणि इंधन पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधीही ठेवू नये. घरात लहान मुले असतील तर हा नियम मोडणाऱ्याच्या हाती ही मोटार देऊच नये.

इंधनातील तेल बहुतेक वेळा एरंडेल असते, किंवा एरंडेल आणि कृत्रिम तेल यांची जोड असते. बैलगाडीच्या आंखाला एरंडेलाचे वंगण देणाऱ्या शेतकऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. पहिल्या महायुद्धातील विमानांची फिरत्या सिलिंडरांची इंजिनेही एरंडेलावरच चालत. कृत्रिम तेल ज्या उष्णतेला हात टेकते तेथेही एरंडेलाचा पातळ थर धातूला चिकटून राहतो. मागे तपकिरी राप ठेवणे हा त्याचा दोष. म्हणून ती जोड.

तेल इंधनातच मिसळलेले असते, ही गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानात राहत नाही, आणि बहुतेक इंजिने त्यामुळेच मरतात. कार्बुरेटरवर इंधनाचा ओघ कमीजास्त करणारी सुई असते. ती आवळली की मिश्रण विरळ होते, इंजिनाचा सूर चढतो, आणि मोटार पूर्वी कधी गेली नव्हती अशी पळते. मालक खूश होतो. पण इंधनाबरोबर तेलही तुटलेले असते. दोन-तीन मिनिटांत डोके तापते, दट्ट्या घासतो आणि इंजिन जाम होते. मग दट्ट्या व सिलिंडरची जोडी बदलण्यावाचून गती नसते, आणि तिची किंमत नव्या इंजिनाच्या किमतीत बरीच मोठी असते. म्हणून सुई एका वेळी घड्याळाच्या मुखावरील एका तासाइतकीच, म्हणजे फेऱ्याच्या बाराव्या हिश्श्याइतकीच फिरवावी. मग मोटार दोन फेरे पळवून धुराड्यातून निळसर धुराची रेघ निघते की नाही ते पाहावे. डोक्याचे तापमान १०० ते १२० अंशांच्या दरम्यान असावे. तापमापक नसेल तर पाण्याचा एक थेंब डोक्यावर टाकावा. तीन-चार सेकंद चुरचुरून तो उडाला तर ठीक, पडताक्षणी नाहीसा झाला तर मोटार तत्काळ थांबवावी.

आदिलाबादेत ही सुई एकदा लावून विसरता येत नाही. उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंशांवर जातो आणि डिसेंबर-जानेवारीतील थंडीच्या लाटेत पहाटे तो ५ अंशांच्या आसपास उतरतो. दाब सारखा धरला तर ५ अंशांची हवा ४५ अंशांच्या हवेहून सुमारे १४ टक्क्यांनी दाट असते. थंड हवेत प्राणवायू अधिक, म्हणून इंधनही अधिक द्यावे लागते. मे महिन्यात नीट चालणारी मोटार डिसेंबरच्या सकाळी त्याच सुईवर सोडली तर ती विरळ मिश्रणावर धावते आणि मालकाला वाटते की थंडीने तिला हुशारी आली. थंडीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. या इंजिनाच्या दट्ट्याला कडी नसते. ॲल्युमिनियमचा दट्ट्या वरच्या बाजूस किंचित निमुळत्या होत गेलेल्या, आतून क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळी सिलिंडरात बसतो. गार असताना तो माथ्याशी अडकतो. तापले की पितळ अधिक फुगते आणि दोघांचे जमते. गार इंजिन जबरदस्तीने फिरविणे म्हणजे ती बारीक जुळणी खरवडून टाकणे होय. केस वाळविण्याच्या यंत्राच्या गरम हवेने डोके आधी शेकावे.

हवेपेक्षाही मोठा शत्रू धूळ. कापूस वेचून पऱ्हाटी उपटलेल्या काळ्या रानात धाव आखली तर तेथील धूळ पिठासारखी बारीक असते. हवेच्या गाळणीतून ती आत शिरली तर टाकीभर इंधन संपेपर्यंत इंजिनाचे काम तमाम होते. गाळणीचा स्पंज प्रत्येक दिवशी धुवावा, वाळवावा, गाळणीच्या तेलात भिजवून पिळावा आणि तिच्या रबरी गळ्याला फट नाही याची खात्री करावी. धावेवर पाण्याचा सडा मारला तर सर्वांचेच भले होते. डोक्याच्या पंखांत कापसाचे तंतू अडकतात तेही काढावेत. नाहीतर वारा लागत नाही आणि दोष उगाच सुईला दिला जातो.

पावसाळ्यात निराळाच रोग होतो. मिथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. शर्यतीनंतर टाकीत आणि इंजिनात इंधन तसेच ठेवले तर आतल्या छऱ्यांच्या बेअरिंगवर गंज चढतो. पुढच्या वेळी इंजिन खरखरते आणि कधी थांबते, कधी पळते. तेव्हा टाकी रिकामी करावी, उरलेले इंधन इंजिन चालवून जाळून टाकावे आणि आत हलक्या यंत्रतेलाचे चार थेंब सोडून ते हाताने फिरवावे. दहा मिनिटांचे काम आहे. बेअरिंग बदलावयाचे झाल्यास हातोडी मुळीच वापरू नये. इंजिनाची पेटी भट्टीत सावकाश तापविली की बेअरिंग आपोआप खाली पडते.

आता सुधारणांविषयी. ज्याच्या हाती थोडे पैसे येतात तो प्रथम मोठे इंजिन घेतो. हा क्रम उलटा आहे. धावेवर वेळ वळणांत जातो, सरळ रस्त्यावर नव्हे. उंच, डुलणारी मालमोटार वळणावर कलंडते, म्हणून तिची उंची उतरवावी, झटकाशोषकांत अधिक दाट सिलिकॉन तेल भरावे, आणि कोरड्या मातीला साजतील असे बुटक्या काट्यांचे टायर घालावे. चाकांतील साध्या बुशांच्या जागी बेअरिंग बसविले की तेच इंजिन जोरदार वाटू लागते. चाके वळविणाऱ्या सर्व्होची दातेचक्रे प्लॅस्टिकची असल्यास धातूची घ्यावी. क्लचच्या घंटेचे दाते आणि मोठे दातेचक्र यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून जुळणी करावी. पट्टी काढल्यावर उरणारी फट योग्य असते. इंजिनाची पाळी या सर्वांनंतर येते.

परंतु कोणत्याही सुधारणेच्या आधी एक उपकरण पाहिले पाहिजे. लहर तुटली किंवा मोटारीतील घट उतरला, तर कार्बुरेटर मिटवून ब्रेक लावणारी सोय तिच्यात हवी. पूर्वी २७ मेगाहर्ट्झवर दोघांचे स्फटिक एकच निघाले की एकाची मोटार दुसऱ्याच्या हुकमाने पळे. आजची २.४ गिगाहर्ट्झची यंत्रे ती अडचण टाळतात, घट उतरण्याची नाही. चार किलोचे यंत्र ताशी साठ किलोमीटरने प्रेक्षकांत घुसले तर पोटरीचे हाड मोडते. कार्बुरेटर मिटविणारी साधी स्प्रिंग दोन-चार रुपयांची असते, तीही लावावी.

मोठ्या स्पर्धांत अंतिम शर्यत अर्धा ते पाऊण तास चालते, आणि टाकी लहान असल्यामुळे आठ-दहा मिनिटांनी मोटार आत घेऊन इंधन भरावे लागते. सोबती वाकून मोटार उचलतो, झाकण उघडतो, बाटली दाबतो आणि तिला पुन्हा वाटेवर सोडतो. एवढे सारे पाच सेकंदांच्या आत. तत्पूर्वी, मोटार मेजावर चाके अधांतरी ठेवून उभी असतानाच, एक परीक्षा करून घ्यावी. इंजिन बंद ठेवून हातातील प्रक्षेपक सुरू करावा, मग मोटारीतील ग्राहक. कळ अर्धी दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने प्रक्षेपक बंद करावा. कार्बुरेटर मिटला तर मोटार धावेवर न्यावी; नाही मिटला तर त्या दिवशी ती पेटीतच राहू द्यावी.