कामावरचा पोशाख आणि माणसाचा मान

(विहारातील साप्ताहिक सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्या घरातील मुले-मुली आज कचेरीत, कारखान्यात, इस्पितळात नोकरीस लागत आहेत. कामावर रुजू होताच त्यांना पोशाखाचे नियम सांगितले जातात. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र शासनानेही आपल्या कर्मचाऱ्यांसाठी असे परिपत्रक काढून कचेरीत जीन्स व टी-शर्ट वापरू नयेत, असे बजाविले होते. इतर लोक ह्या विषयाकडे आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून पाहोत; आपणांस तसे पाहता येणार नाही. आपल्या पूर्वजांनी काय नेसावे हे शेकडो वर्षे दुसऱ्यांनीच ठरविले होते. म्हणून पोशाखाचा कोणता नियम पाळावा आणि कोणता झुगारावा, ह्याचा विवेक आपल्यापाशी असला पाहिजे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे नेसावीत व लोखंडाचे दागिने घालावेत, असा दंडक आहे. आपल्या गावगाड्यात हाच दंडक 'हक्क' ह्या गोंडस नावाने नांदत होता. गावात मयत झाले की मढ्यावरचे कापड महाराचे! गावकीचे काम करणाऱ्या महाराची ओळख म्हणजे हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी. पेशवाईत अस्पृश्याने मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा, म्हणजे चुकून त्याचा स्पर्श होणार नाही, असा नियम होता. बाबासाहेबांनी 1936 साली प्रसिद्ध केलेल्या 'जातिभेदाचे निर्मूलन' ह्या निबंधात तो नमूद केला आहे. त्याच निबंधात इंदूरकडील बलाई लोकांची 1928 सालची हकिगत आहे. त्यांनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, असे सवर्णांनी त्यांस फर्माविले होते. म्हणजे चिंधी सक्तीची आणि चांगले वस्त्र निषिद्ध! जन्म, काम आणि कपडा ह्या तिहींची गाठ अशी मारली होती की कपडा पाहताच माणसाची जात कळावी.

येथे कोणी विचारील की, भगवान बुद्धाचे भिक्षूही स्मशानातील चिंध्या वेचून चीवर शिवीत होते. मग आपली तक्रार काय? प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. भिक्षूने ती चिंधी स्वेच्छेने पत्करलेली होती. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून भगवंतांनी गृहस्थांनी दिलेले वस्त्र घेण्यासही मोकळीक दिली. शिवाय मगधातील शेतांच्या बांधांप्रमाणे तुकडे जोडून शिवलेले ते चीवर संघात सर्वांना सारखेच होते. उपाली नापित होता. शाक्य राजपुत्रांच्या आधी त्याला दीक्षा देण्यात आली आणि त्या राजपुत्रांनी त्याला वंदन केले. स्वतः स्वीकारलेला आणि सर्वांना समान असा वेष म्हणजे शिस्त होय. एका जातीवर दुसऱ्यांनी लादलेला वेष म्हणजे डाग होय.

हा डाग पुसण्याचा उपदेश बाबासाहेबांनी डिसेंबर 1927 मध्ये महाडला केला. 25 डिसेंबरला तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी आपल्या माताभगिनींस सांगितले की, तुमची लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरची कथलाची व चांदीची जड लेणी ही अस्पृश्यतेची ओळख आहे; ती टाका, स्वच्छ राहा आणि लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे नेसा. त्या स्त्रियांनी तो उपदेश तत्काळ आचरणात आणला. ग्रंथ जाळणे आणि लुगड्याची धाटणी बदलणे ही एकाच लढ्याची दोन अंगे होती.

आता आपल्या नोकरीच्या जागेकडे वळू. कामावरचा कोणताही पोशाखाचा नियम समोर आला की तीन प्रश्न विचारा. पहिला, हा नियम सर्वांना सारखा आहे काय? दुसरा, तो कामासाठी आवश्यक आहे काय? तिसरा, त्याचा खर्च कोण सोसतो? 1948 च्या कारखाना कायद्यात चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत, आणि ते कारखानदाराने पुरवावेत, असे कलम होते. न्याय्य नियमाचा हा नमुना आहे. असा नियम आपण इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळला पाहिजे.

परंतु जेथे पोशाखाची खरी गरज आहे तेथेच तो दिला जात नाही, ही आजची शोकांतिका होय. भुयारी गटारात आणि मैल्याच्या टाकीत माणूस उतरविला जातो, आणि त्याच्या अंगावर बहुधा लंगोटापलीकडे काही नसते. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असे काम करवून घेण्यास मनाई केली आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूबद्दलची भरपाई तीस लाख रुपये ठरविली. तरी माणसे मरतच आहेत. मरणारा कोणत्या समाजाचा असतो, हे सांगावयास नको. कचेरीतल्या कारकुनाच्या जीन्सची चिंता वाहणाऱ्या समाजाने ह्या माणसाच्या मुखवट्याची, हातमोज्यांची आणि बुटांची चिंता आधी वाहावी!

म्हणून माझे आपणांस सांगणे असे. घरातील कोणी सफाईचे काम करीत असेल तर त्याच्या गणवेशाची लाज बाळगू नका; मात्र साधनांवाचून त्याला गटारात उतरू देऊ नका आणि मुलांना त्या कामाचे वारस होऊ देऊ नका. भारी कपड्यांसाठी कर्ज काढू नका. धुतलेला, नीट शिवलेला कपडा पुरेसा आहे. कोणी अस्पृश्यतेच्या भावनेने आपल्या वस्त्राला वा दागिन्याला हरकत घेतली, तर नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 च्या चौथ्या कलमाखाली तो गुन्हा आहे. तेव्हा निमूट घरी न परतता लेखी फिर्याद द्या, आणि तिची पोच घ्या.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास लक्षावधी लोक शुभ्र वस्त्रे नेसून आले. ती वस्त्रे त्यांच्यावर कोणी लादली नव्हती. मढ्यावरचे कापड ज्यांच्या पदरी पडत असे, त्यांनी आपल्या हातांनी धुतलेले पांढरे वस्त्र परिधान केले. त्या वस्त्राचा मान आपल्या कामाच्या जागीही राखा.

जय भीम!