धरणावर दिवसभर, मग जेवायचे कुठे?

(1986 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, सहलीच्या आदल्या संध्याकाळी केलेले भाषण)



उद्या आपण भंडारदऱ्याला निघतो आहोत. बस, नाश्ता, टोप्या, औषधांची पेटी, सगळे समितीने चोख ठरवले आहे. एकच प्रश्न दोन महिने ग्रुपवर गाजतोय : दिवसभर फिरून झाल्यावर जेवायचे कुठे? मी त्या भागात वरचेवर जातो, आणि खाण्याच्या बाबतीत माझ्यावर तुमचा शाळेपासून विश्वास आहे, म्हणून हा विषय माझ्याकडे आला.

पर्याय तीन आहेत. एक, शेंडीत धरणाजवळच्या हॉटेलात. तिथे तळलेले मासेही मिळतात. पण रविवारी चाळीस माणसे एकदम जाऊन बसली, तर तासभर पाण्याचे ग्लास मोजत बसावे लागेल. दोन, संगमनेरला परत येऊन रात्री नऊला बुफे. तीन, रतनवाडीत एखाद्या घरी आधी सांगून, दिवस मावळायच्या आत. माझे मत तिसऱ्याला आहे. का, ते सांगतो.

आधी तब्येतीचे बोलू. काही जण रतनगड चढणार, काही अमृतेश्वराचे देऊळ पाहून होडीत बसणार. दुपारी डब्यातली दशमी-चटणी होईल. चार-साडेचारला खरी भूक लागेल. आपल्यातले निम्मे साखरेच्या गोळ्या घेतात, दोघे-तिघे इन्सुलिनवर आहेत. एवढे चालल्यावर जेवण नऊपर्यंत लांबवले, तर साखर एकदम खाली येऊ शकते, आणि तीही अंधारात, वळणावळणाच्या रस्त्यावर. म्हणून खाली उतरल्या उतरल्या पाणी, मग मीठ घातलेले ताक, आणि तासाभरात जेवण. ड्रायव्हरचे ताट सगळ्यांत आधी. परतीची आपली सगळ्यांची भिस्त त्याच्यावर आहे.

दुसरे कारण चवीचे. डिसेंबर आहे. धबधबे आटले आहेत, पण भात नुकताच झोडून घरात आला आहे. नागलीही आली आहे. या तालुक्यात काळभातासारखी जुनी वाणे अजून टिकून आहेत. अशी गावठी वाणे जपणाऱ्या, 2020 चा पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. तेव्हा पनीर मागू नका. नागलीची भाकरी, पिठले, ठेचा, नव्या तांदळाचा भात, वरण आणि कांदा. ज्यांना गावठी कोंबडी हवी, त्यांनी आजच सांगा. ती शिजायला वेळ घेते, तुमच्या घाईने शिजत नाही.

आता थोडा हिशेब करू. गणिताच्या बाई समोर आहेत, तेव्हा जपून करतो. चाळीस माणसे, प्रत्येकी दोन भाकऱ्या, म्हणजे ऐंशी. थापणे, तव्यावर टाकणे, निखाऱ्यावर फुगवणे, एका भाकरीला तीन मिनिटे धरा. दोनशे चाळीस मिनिटे, म्हणजे एका चुलीवर चार तास. दोन चुली आणि दोन बाया असल्या, तरी दोन तास. शिवाय भाजी, किराणा राजूरहून किंवा शेंडीहून आणायचा. म्हणजे आपण अजून गड उतरत असतो, तेव्हा त्या घरात पीठ मळायला सुरुवात झालेली असते.

म्हणूनच माझी एक अट आहे. आज रात्री जितकी ताटे सांगू, तितक्यांचे पैसे द्यायचे. उद्या सहा जण थकले म्हणून परस्पर निघून गेले, तरी पैसे चाळिसांचेच. हॉटेलात उरलेले उद्या खपते, घरात उरलेल्या बारा भाकऱ्या कुणाला विकणार? आणि घासाघीस नको. शहरात एका कॉफीला देतो त्यावर वाद घालत नाही, मग चुलीपुढे बसलेल्या बाईशी वीस रुपयांसाठी कशाला घालायचा?

तिसरे कारण भूगोलाच्या सरांनी शिकवलेले आहे. प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते आणि आपल्या गावावरून पुढे जाते. तिच्यावरचे भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले. पाणी कालव्यांनी खाली आले, राहुरी-श्रीरामपूरकडे ऊस उभा राहिला. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या फिया त्या उसावर भरल्या गेल्या. धरणाच्या वरच्या अंगाची महादेव कोळ्यांची गावे मात्र बहुतांशी पावसाच्या भातावर आणि उतारावरच्या नागली-वरईवरच राहिली. एका जेवणाने हे ऋण फिटते असे मी म्हणत नाही. पण दिवसभर त्यांच्या डोंगरात, त्यांच्या पाण्यावर हिंडायचे आणि पैसे तेवढे खाली येऊन खर्चायचे, हे मला पटत नाही.

शंका आल्या आहेत, त्यांचीही उत्तरे देतो. गुडघ्यांचे काय? बसमध्ये दहा घडीच्या खुर्च्या टाकल्या आहेत. पाण्याचे काय? आपले जार बरोबर आहेत. गोड? परतीच्या वाटेवर राजूर लागते, तिथले पेढे प्रसिद्ध आहेत. साखरवाल्यांनी एकच घ्यावा, तोही बायकोला दाखवून. मुंबईकरांना घोटीमार्गे जायचे असेल, तर त्यांनी जेवून निघावे आणि घोटीपर्यंत उजेडात पोहोचावे.

तिथे पत्रावळ्या, बाटल्या, कागद काही टाकायचे नाही. आपला कचरा आपल्याच बसमध्ये. शाळेच्या सहलीत बाई शेवटी मुले मोजायच्या आणि मग पिशव्या मोजायच्या. उद्याही त्याच मोजणार आहेत, त्यांनी कबूल केले आहे.

वही दाराशी ठेवली आहे. नाव, भाकऱ्या किती, कोंबडी की पिठले, एवढे लिहा. रात्री नऊला मी रतनवाडीला फोन करणार आहे. त्यानंतर आकडा बदलणार नाही.