रोजच्या सरावाचीं चाकें



सारा जन्म मुलांना त्रैराशिक शिकविण्यांत घालविलेल्या शाळामास्तरानें सायकलच्या चाकांविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. परंतु एका प्रसंगानें मला या विषयाचा विचार करावयास लावलें.

माझी नात शर्यतींत भाग घेते. तिची सायकल डिस्क ब्रेकची. गेल्या पावसाळ्यानंतर सिंहगडाचा घाट उतरतांना तिच्या मागल्या चाकाची एक तार तुटली. चाकाला तारा अवघ्या २०. त्यांतील एक जातांच चाक इतकें वांकडें झालें कीं, टायर सायकलच्या सांगाड्याला घासूं लागला. पोर सावध होती म्हणून थोडक्यांत निभावलें. पुढें तसली चपटी तार दुकानांतून मिळेना, आणि सायकल तीन आठवडे भिंतीला टेकून उभी राहिली. तेव्हां मीं ठरविलें कीं, शर्यतीचीं चाकें शर्यतीपुरतीं ठेवावीं आणि सरावासाठीं निराळी, मजबूत जोडी घ्यावी.

ती निवडतांना एक गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी. जुन्या पद्धतीचा ब्रेक चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला धरतो. डिस्क ब्रेक मध्यावर, हबला धरतो. टायर रस्त्याला चिकटलेला आणि हब ब्रेकनें आंवळलेला. या दोहोंमधील सारा जोर तारांनींच वाहावयाचा. मागल्या तारांना पायडलचा जोर सोसण्याची संवय पूर्वींपासून आहे. पुढल्या चाकाला मात्र हा भार नवा. हबपासून त्रिज्येप्रमाणें सरळ निघालेल्या तारा हा पीळ पेलूं शकत नाहींत. त्या एकमेकींना ओलांडून स्पर्शरेषेच्या दिशेनें बसविलेल्या असाव्या लागतात. ही युक्ति जुनी आहे. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीनें १८७४ सालीं तिचें पेटंट घेतलें होतें.

तारा दोन्हीं चाकांना निदान २८ असाव्या. स्वार वजनदार किंवा रस्ता खड्ड्यांचा असेल तर ३२. एक तुटली तरी उरलेल्या तारा चाकाला घरापर्यंत आणतात. तार साधी, गोल, वांकड्या डोक्याची, कोणत्याहि दुकानांत मिळणारी घ्यावी. टोकांशीं २ मिलिमीटर आणि मध्यें थोडी बारीक असलेली तार अधिक टिकते, कारण धक्का बसतांच मधला भाग किंचित् ताणला जातो व डोक्यावरचा ताण हलका होतो. डाव्या व उजव्या बाजूच्या तारांची लांबी बहुधा सारखी नसते. म्हणून प्रत्येक मापाच्या दोन तारा घरांत राखून ठेवाव्या.

रिम ॲल्युमिनियमची पुरे. डिस्क ब्रेकच्या गुट्ट्या तिला घासत नसल्यामुळें चांगली रिम वर्षानुवर्षें चालते. हबचे बेरिंग सहज बदलतां येईल असेंच पाहावें. खरेदीपूर्वीं ॲक्सलचें माप पाहावें. अलीकडील सायकलींत तो बहुधा १२ मिलिमीटर जाडीचा असून हबची रुंदी पुढें १०० व मागें १४२ मिलिमीटर असते. डिस्क सहा स्क्रूंनीं बसते कीं मधल्या एका कड्यानें, हेंहि विचारावें. टायर २८ किंवा ३२ मिलिमीटरचा असला म्हणजे हवा थोडी कमी ठेवतां येते आणि चाकाला धक्के कमी बसतात.

नातीची तक्रार एकच: "आजोबा, हीं चाकें जड आहेत!" मग मीं त्रैराशिक मांडलें. नात व सायकल मिळून ६० किलो; चाकांचें वजन वाढलें ४०० ग्रॅम, म्हणजे शेंकडा एकाहूनहि कमी. तासाभराच्या चढावर फरक पडेल तो फार तर २४ सेकंदांचा. यावर ती हंसली आणि गप्प बसली.

नवीं चाकें पहिल्या दोन-तीनशें किलोमीटरनंतर कारागिराकडून तपासून घ्यावीं. घरीं परीक्षा करावयाची तर एकाच बाजूच्या तारा तंबोऱ्याप्रमाणें छेडून पाहाव्या. सूर साधारण सारखा निघाला तर ताण सारखा आहे. एखादी बद्द वाजली तर ती ढिली झाली आहे असें समजावें.

आमच्या घरीं ही परीक्षा दर रविवारीं होते. चाकें अद्याप सरळ आहेत, आणि पहांटे नात घाटाकडे निघाली म्हणजे मी पूर्वींसारखा दाराशीं येरझारा घालीत बसत नाहीं.