सुरू केलेलं अँटिबायोटिक थांबवणार कोण?



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी अँटिबायोटिकवर बोलतोय, त्याला कारण आहे. माझे अब्बा लघवीच्या संसर्गामुळे रुग्णालयात होते. पहिल्याच रात्री त्यांना जोरदार अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू झालं. ते योग्यच होतं. ताप चढत होता, थांबायला वेळ नव्हता. तिसऱ्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला. साध्या गोळीनेही भागणार होतं. रिपोर्ट फाइलला लागला आणि इंजेक्शन आणखी पाच दिवस चालूच राहिलं. डॉक्टर बदलत होते. प्रत्येकाला वाटलं, आधीच्याने विचार करूनच दिलं असेल.

अँटिबायोटिक स्टुअर्डशिप म्हणजे हा विचार करायची जबाबदारी कुणावर तरी टाकणं. रुग्णालयात संसर्गतज्ज्ञ, मायक्रोबायोलॉजिस्ट, फार्मासिस्ट आणि नर्स यांची एक टीम असते. औषध कशासाठी दिलं, हे लिहावं लागतं. 48 ते 72 तासांनी रिपोर्ट पाहून ठरवायचं : चालू ठेवायचं, बदलायचं की बंद करायचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये अँटिबायोटिकचे तीन गट केले : अ‍ॅक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह. कोलिस्टिनसारखी रिझर्व्हमधली औषधं शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायची.

पुढे अशाच एका सॉफ्टवेअरवर मी काम केलं. ‘कारण’ हा रकाना आम्ही सक्तीचा केला. डॉक्टर त्यात नुसतं टिंब टाकून पुढे जायला लागले! मग आम्ही 48 तास उलटलेल्या रुग्णांची यादी रोज सकाळी फार्मासिस्टला द्यायला लागलो. ती वॉर्डात जाऊन विचारायची, “सर, हे अजून लागतंय का?” रकान्याने जे झालं नाही, ते या प्रश्नाने होऊ लागलं.

हे लहान काम नाही. 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज आहे.

तुमचं माणूस रुग्णालयात असेल, तर अदबीने दोन गोष्टी विचारा : “कल्चरचा रिपोर्ट आला का? आता औषध बदलता येईल का?” स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका. मी त्या वेळी विचारलं नाही. फाइल माझ्याच हातात होती.